वाचता वाचता वाळलेली केळी

माझ्या घराण्यात पहिली पदवी माझ्या नावावर लागली ती अक्कांमुळे. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते फेडायची भाषाच नको. कॉलेजातले प्राध्यापकही चांगले होते. पण मी सर्वांत जास्त कुणाचा देणेकरी आहे असं कुणी विचारलं, तर मी अक्कांचंच नाव घेतो. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं. ते घेऊन त्यांना हाक मारणारं मात्र कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. म्हैसूरातलं सगळं चामराजपुरम त्यांना अक्का म्हणे. आमच्या रस्त्यावरची मुलं 'बाळेहण्णु अक्का' म्हणत, म्हणजे केळ्यांच्या अक्का. मुलांनी फाटकातून तशी हाक मारली की आतून खणखणीत आवाज यायचा, "नंबर प्लीज?"

अक्कांनी सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलं होतं. लग्न केलं नव्हतं. मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण कानांवरचे केस हेडफोनने जे चपटे बसले होते ते बसलेच होते. बोलणंही तसंच राहिलं होतं. कुणी भलतंच काही बोललं की, "राँग नंबर." पाहुणा लांबण लावू लागला की घड्याळाकडे न बघता म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. एक्स्टेंड करायचं?" त्या काळी ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे, आणि अक्कांच्या मते जगातलं कुठलंही काम तेवढ्यात सांगून होतं. उरलेल्या वेळात माणसानं गप्प बसून काहीतरी चघळावं.

चघळणं हा त्यांचा सिद्धांत होता. "एक्स्चेंजमध्ये ज्या पोरी काहीतरी चघळायच्या ना, त्यांच्याकडून कधी चुकीची लाईन लागली नाही," त्या सांगायच्या. "चघळताना डोकं चालतं. हे बिस्किट बघ. तोंडात घातलं, विरघळलं, संपलं. मुलाला विचार करायला टाईमच इल्ला." म्हणून गल्लीतल्या प्रत्येक मुलाच्या हातात दुपारी घरी वाळवलेलं फळ असावं, असा त्यांनी निश्चय केला होता. केळी, चिकू, पपई, उन्हाळ्यात आंबा. साखर नाही, रंग नाही. फळ, ऊन आणि जरासं मीठ.

मी कृष्णराजनगरचा. वडील तिथल्या भाताच्या गिरणीत मुकादम होते. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते असं वडील सांगत. मी पाहिलं तेव्हा त्या घोडदळापैकी घरात एक लोखंडी रिकीब उरली होती आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून आई ती दाराला लावून ठेवायची. शाळेत मी कन्नड माध्यमात शिकलो, घरी आमची कन्नड मिसळलेली मराठी. मला म्हैसूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जागा मिळाली तेव्हा गिरणीत पेढे वाटले गेले. मग वडील मला घेऊन खोली शोधत चामराजपुरमला आले.

अक्कांच्या गच्चीवर एक खोली होती. वडिलांनी विचारलं, "घरात कोण कोण असतं अक्का?"

"मी आणि केळी."

वडील जरा गडबडले. अक्कांनी माझ्या हातात टेबलावरचं इंग्रजी वर्तमानपत्र दिलं. "काहीतरी वाच. मोठ्यानं."

मी घाम पुसत, अडखळत अर्धा कॉलम वाचला. काय वाचलं ते मला कळलं नाही, वडिलांना तर नाहीच नाही. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या.

"आवाज चांगला आहे," त्या म्हणाल्या. "अर्थ मागून येईल. खोली तुझी."

परत स्टेशनकडे जाताना वडील म्हणाले, "बाई विचित्र आहे रे. पण ऐकते. ऐकणारं माणूस बरं असतं."

आवाजाची परीक्षा का घेतली ते मला संक्रांत उलटल्यावर कळलं. ऊन तापायला लागलं आणि अक्कांनी गच्ची ताब्यात घेतली. मंडी मोहल्ल्यातून त्या एलक्की केळी आणत, बोटाएवढी, पातळ सालीची. पिकलेली पण अजून घट्ट असलेली केळी त्या निवडत. सोलून, उभी चिरून, मिठाच्या पाण्यातून काढून सुपांवर आणि बांबूच्या चटयांवर मांडत, वर पातळ मलमल. दुपारी ओल्या हातांनी प्रत्येक फोड उलटायची. "वाळलेलं केळं वाकलं पाहिजे," त्या सांगत. "मोडलं तर जास्त झालं, बोटाला चिकटलं तर कमी झालं." सगळी गच्ची केळ्यांनी भरली की माझ्या खोलीच्या दारापर्यंत एक पाऊलवाट तेवढी उरायची.

राखण माझ्याकडे होती. पण काठी घेऊन नव्हे. "कावळा शहाणा असतो मरी," अक्का म्हणाल्या. मरी म्हणजे पिल्लू. त्या वयात मला त्याची लाज वाटे. "बुजगावणं त्याला दोन दिवसांत कळतं. पण मोठ्यानं इंग्रजी वाचणारा माणूस कधी उठेल, हे त्याला कळत नाही. तू वाच."

म्हणून मी खोलीच्या दारात सावलीला बसून वाचत असे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि ज्याला मी मनातून भीत होतो ते इंग्रजीचं पाठ्यपुस्तक. खाली स्वयंपाकघरात अक्का ऐकत असायच्या. मी दमून थांबलो किंवा एखाद्या शब्दावर अडून मनातल्या मनात वाचू लागलो की खालून आवाज यायचा, "लाईन कट झाली रे!" आणि मी पुन्हा सुरू व्हायचो.

एवढ्यानं भागत नसे. घरामागून चामराजनगरची गाडी जायची, कोळशाच्या इंजिनाची. तिची शिट्टी ऐकू आली की पुस्तक टाकून सगळ्या चटयांवर जाड चादरी ओढायच्या, नाहीतर काजळी पडे. गाडी गेली की चादरी काढायच्या आणि सोडलेल्या ओळीपासून पुढे वाचायचं. ओळ चुकली तर अक्कांना खालून कळायचं. "हे मघाशी झालं की!" गुरुत्वाकर्षणाचा सगळा धडा मी त्या गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे शिकलो.

फळ वाळलं की चवीचा निकाल लागायचा. तो निकाल मोठ्या माणसांनी द्यायचा नाही, हा अक्कांचा दुसरा सिद्धांत. कुणी पाहुणे तुकडा तोंडात टाकून "वा अक्का, फार छान" म्हणाले की त्या सरळ सांगत, "तुमचं मत नको. तुमची जीभ शिष्टाचार शिकलेली आहे." त्यांचे पंच मुलं होती. फाटकाच्या पायरीवर बसवून प्रत्येकाला एक फोड देत आणि बघत. मूल थुंकलं की मान हलवून म्हणत, "निकाल मान्य." कधी रागावल्या नाहीत, कधी आग्रह केला नाही. पंचांत मुख्य होती शेजारची पुट्टी. पाच वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, आणि थुंकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अक्कांचा सगळा भरवसा तिच्यावर.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक शिशुविहार होता. तिथं मुलांना दुपारचा खाऊ मिळे. चुरमुरे, कधी चणे. तिथल्या मिसना अक्कांनी त्या वर्षी गळ घातली की जूनपासून खाऊ म्हणून वाळवलेली केळी द्या, मी करून देते. मिस म्हणाल्या की समितीचं मन बिस्किटांवर आहे. स्वच्छ असतात, पुड्यात येतात. अक्का म्हणाल्या, "पहिल्या दिवशी दोन ताटं मांडा. एकात बिस्किटं, एकात केळी. मुलं ज्याला हात लावतील ते खरं." मिस हसून हो म्हणाल्या.

मग तो सगळा उन्हाळा केळ्यांचा झाला. मार्चमध्ये माझी परीक्षा झाली, तरी मी गावी गेलो नाही. अक्कांच्या गच्चीवर बसून वाचत राहिलो, कारण सवय लागली होती आणि खरं सांगायचं तर खालून येणाऱ्या त्या आवाजाला मीच सोकावलो होतो. फळ उत्तम झालं होतं. मधासारखा रंग, वाकणारं, न चिकटणारं. फक्त एक अडचण होती. मे महिन्यात सगळे पंच आजोळी गेलेले. पुट्टी हासनला. निकाल द्यायला गल्लीत एकही मूल नव्हतं. मोठ्यांचं मत चालत नव्हतं. अक्कांनी केळी तशीच भरली. एवढी केळी मावेल असा घरात एकच मोठा पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी घासला, उन्हात ठेवला, पुन्हा घासला, आणि झाकण घट्ट लावून ठेवून दिला.

शिशुविहार उघडला त्या दिवशी मी डबा उचलून अक्कांबरोबर गेलो. दोन ताटं मांडली होती. पांढरेशुभ्र कपडे घातलेली मुलं रांगेत आली. पहिल्या मुलानं केळं उचललं, नाकाशी नेलं आणि तो ओरडला, "सारू!"

सारू म्हणजे सार, रस्सम. म्हैसूरच्या घरात रोज जेवणात असतं ते. रांगेतल्या सगळ्या मुलांनी ताटात नाकं खुपसली आणि एकच गलका झाला, "सारू! सारू!" पुट्टीनं तेवढी एक फोड चावून पाहिली आणि नेहमीप्रमाणे निकाल दिला. तिचा निकाल मिसच्या चपलेवर पडला. मग सगळे हात बिस्किटांकडे गेले.

तो डबा सारूच्या पुडीचा होता. धणे, मिरे, जिरं, लाल मिरची भाजून दळलेली ती पुडी अक्का वर्षाकाठी एकदा करत आणि त्याच डब्यात भरत. त्यांची आईही त्याच डब्यात भरत असे. डबा कितीही घासला तरी वास पत्र्यात मुरलेला. पण तो आम्हाला येत नव्हता. अक्कांच्या घराला तोच वास होता. भिंतींना, पडद्यांना, माझ्या अंथरुणालासुद्धा. ज्या घरात वर्षानुवर्षं सारूची पुडी होते तिथल्या माणसांना सारूचा वास येत नाही. बाहेरचं नाक लागतं, आणि अक्कांच्या कायद्याप्रमाणे ते नाक लहान मुलाचं लागतं. ती नाकं आजोळी गेली होती.

परत येताना मी डबा तसाच उचलून आणला. अक्का छत्री टेकत चालत होत्या. फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "निकाल मान्य." आणि आत जाऊन त्यांनी दुपारचं जेवण वाढलं. सारूच होतं.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या फलकावर माझा निकाल लागला. बाकीच्या विषयांत मी पास होतो. इंग्रजीत नापास.

मी खोलीत येऊन ट्रंक भरायला घेतली. मला वाटलं, अर्थ मागून येईल म्हणाल्या होत्या, तो आलाच नाही. गिरणीत वडिलांच्या हाताखाली कारकुनाची जागा होती. मालक एकदा बोलले होते. आमच्या घरात कुणी शिकलं नव्हतं, आणि न शिकल्यानं कुणी मेलंही नव्हतं. अक्का जिना चढून वर आल्या. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं.

"सप्टेंबरला परत परीक्षा असते ना?"

"असते. पण मला जमणार नाही अक्का."

"मला जमलं का?" त्या म्हणाल्या. "माझंपण नापास झालं की. त्या पुट्टीनं मिसच्या चपलेवर नापास केलं. आता ऐक. मी परत वाळवणार. पावसाळ्यात. सप्टेंबरच्या आधी ह्याच मुलांसमोर परत ताट मांडणार. तोवर तू वाच. मी सोडलं तर तूही सोड, मी स्वतः तुला गाडीत बसवते. मी नाही सोडलं तर तूही नाही. आयतु का?"

आयतु म्हणजे झालं, ठरलं. मी ट्रंकेतला शर्ट परत खुंटीला लावला.

पावसाळ्यात केळी वाळवायची म्हणजे चेष्टा नाही. म्हैसूरचा पाऊस जोराचा नसतो, पण तो दिवसभर कपड्यांना वाळू देत नाही. अक्कांनी घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात उबदार जागा शोधून काढली. ती होती न्हाणीघर. तिथं विटांच्या चुलीत पक्का बसवलेला तांब्याचा मोठा हंडा होता. खाली लाकडं पेटवायची, वर पाणी तापायचं. हंड्याभोवतीचा विटांचा कट्टा दिवसभर ऊबदार राहायचा. त्या कट्ट्यावर चटया आल्या.

पहिल्या घाण्याला धुराचा वास लागला. पुट्टीनं फोड तोंडात घातली, "होगे!" म्हणाली, म्हणजे धूर, आणि निकाल दिला. मग अक्कांनी नियम केला. पहाटे सगळ्यांनी अंघोळी उरकायच्या, लाकडं जळून निखारे झाले की मगच केळी आत, आणि त्यानंतर त्या खोलीत पाण्याचा थेंबही नको. सगळे म्हणजे त्या आणि मी. गारठलेल्या पहाटे त्या दार वाजवत, "एद्देळो! ऊठ! केळी वाट बघतायत!" मी कुडकुडत अंघोळ करायचो, आणि नंतर त्याच उबेत, लाकडी पाटावर, हंड्याजवळ पुस्तक घेऊन बसायचो.

"इथं कावळे नाहीत अक्का," मी एकदा म्हटलं. "मनातल्या मनात वाचू?"

"अय्यो, नको. फळाला तुझ्या इंग्रजीची सवय झालीय."

पण वाचण्याची पद्धत त्यांनी बदलली. पान संपलं की बाहेरून हुकूम यायचा, "निरोप सांग." एक्स्चेंजमध्ये कधी लाईन खराब असली की ऑपरेटर एकाचं बोलणं ऐकून दुसऱ्याला थोडक्यात सांगे. तसंच मी करायचं. पुस्तक मिटून, जे वाचलं ते माझ्या इंग्रजीत, माझ्या शब्दांत, तीन मिनिटांच्या आत. सुरुवातीला माझे निरोप एका वाक्याचे होते. "ही गोज टू टाऊन." अक्का म्हणायच्या, "एवढं मोठं पान आणि 'ही' नुसता टाऊनला गेला? कशाला गेला ते सांग!" मग मी पुन्हा वाचायचो. जुलै संपता संपता माझे निरोप तीन मिनिटांत मावेनासे झाले. "एक्स्टेंड!" बाहेरून परवानगी यायची. विटांच्या त्या उबदार खोलीत, केळ्यांच्या समोर, मला पहिल्यांदा वाटलं की हे पुस्तक माझ्याशी बोलतंय.

धुराचा प्रश्न मिटला तरी डब्याचा उरला होता. त्या घरात ज्याला कसलाच वास नाही असं भांडंच नव्हतं. बरण्या लोणच्याच्या, डबे मसाल्याचे, पितळी करंड्याला कापराचा. शेवटी अक्का नाक्यावरच्या पेटीच्या दुकानात, म्हणजे टपरीवर, गेल्या. ते दुकान त्यांचं शत्रुराष्ट्र होतं. रंगीत पेपरमिंट आणि बिस्किटं विकायचं. दुकानदाराच्या फळीवर काचेच्या मोठ्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत.

"एक रिकामी बरणी दे."

"कशाला अक्का?"

"केळी ठेवायला. मुलांना द्यायचीत."

दुकानदार माझ्याकडे बघून डोळे मोठे करत म्हणाला, "बघा! माझंच गिऱ्हाईक पळवायला माझीच बरणी!"

"तू दे. मुलांनी माझं थुंकलं तर तुझंच गिऱ्हाईक वाढेल."

हा हिशेब त्याला पटला. त्यानं बरणी पुसून दिली आणि वर बिस्किटांचे दोन पुडेही दिले, स्पर्धेसाठी.

ज्या दुपारी अक्कांनी फाटकाच्या पायरीवर दोन ताटं मांडली, नेमक्या त्याच दुपारी वडील आले. हातात छत्री, खांद्यावर पिशवी. गिरणीच्या मालकानं निरोप दिला होता की कारकुनाची जागा आता भरायची आहे, मुलाला आणायचं असेल तर आणा.

"अक्का, पोराला न्यायला आलो," वडील उभ्याउभ्याच म्हणाले. "तुमचे फार उपकार. पण एकदा नापास झालं, परत झालं तर जागाही जाईल. आम्ही असे लोक, आम्हाला एवढं ताणता येत नाही अक्का."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच मला मान वर करवेना.

अक्का म्हणाल्या, "बसा. आज निकाल आहे."

"त्याचा?"

"आधी माझा." आणि त्यांनी आमचा ठराव वडिलांना सांगितला. मग म्हणाल्या, "एकाही मुलानं दुसऱ्यांदा केळं मागितलं नाही, तर मी हरले. मग ह्याला आत्ताच्या गाडीनं न्या, मी अडवणार नाही. एकानं जरी मागितलं, तर हा सप्टेंबरला बसतो आणि तुम्ही मालकाला तसं सांगता."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते पायरीच्या कडेला, छत्री गुडघ्यांत धरून बसले. अक्कांनी दिलेली फोड त्यांनी तोंडात घातली. "चांगली आहे की हो," ते म्हणाले.

"तुमचं मत नको. तुम्ही मोठे."

शिशुविहार सुटला. मुलं फाटकाशी आली. अक्का ताटांकडे बोट दाखवून मागे सरकल्या. मुलांनी आधी बिस्किटं उचलली. सगळ्यांनी. पुट्टीनंही. बिस्किटं तिथल्या तिथे संपली, आणि मग एकेकानं, बिस्किटाचं ताट रिकामं झालं म्हणून, एकेक केळं उचललं आणि सगळी मुलं चघळत चघळत रस्त्यानं निघून गेली. कुणी थुंकलं नाही. पण कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.

रस्ता मोकळा झाला. वडील पाय झटकून उभे राहू लागले. अक्का ताटाकडे बघत होत्या, चेहरा तसाच, एक्स्चेंजमध्ये लाईन लागायची वाट बघत बसावं तसा. "थांबा," त्या म्हणाल्या. "लाईन चालू आहे."

रस्त्याच्या टोकाला एक ठिपका थांबला, वळला आणि धावत परत आला. पुट्टी होती. धापा टाकत तिनं फाटक धरलं.

"अक्का, इन्नोंदु!" आणखी एक.

अक्कांनी दोन्ही हात मागे घेतले. "कुठलं?" दुकानदारानं दिलेला दुसरा पुडा त्यांनी फोडून ताटात ओतला. न्याय म्हणजे न्याय. "हे की ते?"

पुट्टीनं बिस्किटांकडे पाहिलं, केळ्यांकडे पाहिलं. मला वाटतं तिनं खरोखरच विचार केला. मग केळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे. ते लगेच संपतं. हे घरापर्यंत पुरतं."

अक्कांनी तिला केळं दिलं. ती गेल्यावर त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि वडिलांना म्हणाल्या, "एक पास. बाकीचे पुढच्या वर्षी."

वडील हसले. मी त्यांना तसं हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं. त्यांनी छत्री उघडली आणि मला म्हणाले, "मग मी येतो. मालकाला सांगतो, दुसरा माणूस बघा म्हणून." दोन पावलं जाऊन ते परत वळले. "अक्का, माझ्या मताला किंमत नाही ते कळलं. पण गाडीत चघळायला एक मिळेल का?"

अक्कांनी त्यांना मूठभर दिली.

सप्टेंबरला मी परीक्षेला बसलो. एका उताऱ्याचा सारांश लिहायचा होता. मी तो वाचला आणि माझ्या कानात आवाज आला, "निरोप सांग." मी निरोप लिहिला. पुढे पास झालो, आणि नंतरची वर्षंही त्याच गच्चीवर आणि त्याच न्हाणीघरात बसून पूर्ण केली.

शिशुविहारात मात्र बिस्किटंच राहिली. समितीनं मन बदललं नाही. पण पेपरमिंटच्या दुकानातली ती बरणी मी तिथे असेपर्यंत रोज दुपारी फाटकाच्या पायरीवर येत होती आणि अक्का तिच्याशेजारी बसून म्हणत होत्या, "नंबर प्लीज?" पुट्टीचे पडलेले दात परत आले. तिची थुंकायची सवय गेली. पण परीक्षक म्हणून ती शेवटपर्यंत कडकच राहिली.

पदवी मिळाल्यावर मला कृष्णराजनगरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. तिथून मी अक्कांना पहिलं पत्र लिहिलं. त्याची एक प्रत मी ठेवली होती. ती इथे देतो.

सौजन्यमूर्ती अक्कांना,
साष्टांग नमस्कार.

मी इथे नीट पोहोचलो. शाळा कालव्याच्या काठी आहे. मुलं चांगली आहेत, पण वर्गात प्रश्न विचारला की उत्तर लगेच तोंडातून सांडतात, आधी विचार करत नाहीत. तुमची आठवण आली.

म्हणून मी बाजारातून एलक्की केळी आणली. आईनं न्हाणीघरातला हंडा वापरायला दिला. वडील पहाटे उठून सगळ्यांच्या अंघोळी उरकून घेतात आणि नंतर कुणाला आत येऊ देत नाहीत. मी पाटावर बसून उद्याचा धडा मोठ्यानं वाचतो. आई म्हणते, केळ्यांना कशाला शिकवतोस? वडील तिला सांगतात, केळ्यांना सवय असते.

बरणी काचेची आहे, नवी. मी नाकाला लावून पाहिली, वास आला नाही. पण माझं नाक आपल्या घरातलं, म्हणून बाहेरचं बोलावलं.

काल चार पंच बसवले. वडिलांनी मध्येच मत दिलं, ते मी धरलं नाही.

निकाल: तीन नापास, एक पास.

पुन्हा बसतो आहे.

आपला,
मरी